खारा वारा आणि कोनी आयलंडचे पाळणे

इतिहासांत बांधणाराचें नांव राहतें. डागडुजी करणाराचें सहसा राहत नाहीं. अमुक किल्ला कोणी बांधला हें शाळेंतील मुलगाहि सांगतो. परंतु त्याच किल्ल्याच्या तटाचा ढासळलेला चिरा दर पावसाळ्यानंतर कोणी पुन्हां बसविला, हें कोणी विचारीत नाहीं. कोंकणांत मृग लागण्यापूर्वीं घर शाकारावें लागतें. एक वर्ष शाकारणी चुकली म्हणून घर पडत नाहीं. दोन-चार वर्षें चुकली कीं वासे कुजूं लागतात. आणि मग एखाद्या पावसाळ्यांत घर बसतें तेव्हां लोक म्हणतात, ‘घर जुनें झालें होतें.’ घर खरोखर जुनें होऊन पडलें, कीं न शाकारल्यामुळें पडलें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचा उलगडा एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं चांगला होतो. तें ठिकाण म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागाच्या दक्षिण टोकाला असलेलें कोनी आयलंड आणि तेथील करमणुकीचीं उद्यानें.

कोनी आयलंड हें आतां नांवाचेंच बेट आहे. मधली खाडी बुजवून तें ब्रुकलिनला जोडून टाकलें आहे. एका बाजूला अटलांटिक महासागर, त्याला लागून वाळूचा लांब पट्टा आणि त्यामागें पाळणे, चक्रें व खेळांचीं दुकानें, असा तेथील देखावा. याच किनाऱ्यावर १८८४ सालीं लामार्कस टॉमसन नांवाच्या गृहस्थानें सुमारें ६०० फूट लांबीच्या लाकडी रुळांवरून घसरत जाणारी एक गाडी सुरू केली. तिची गति ताशीं अवघी सहा मैल आणि भाडें पांच सेंट. आज हास्यास्पद वाटावी अशीच ती होती. पण लोकांनीं तिच्यासाठीं रांगा लावल्या. पुढें ज्याला ‘रोलर कोस्टर’ हें नांव मिळालें, त्या उंचावरून कोसळत जाणाऱ्या गाडीचा अमेरिकेंतील धंदा येथूनच खऱ्या अर्थानें सुरू झाला. १८९७ सालीं ‘स्टीपलचेस’, १९०३ सालीं ‘लूना पार्क’ आणि १९०४ सालीं ‘ड्रीमलँड’ अशीं तीन मोठीं उद्यानें एकापाठोपाठ एक तेथें उघडलीं. १९२० च्या सुमारास शहराची जलद रेल्वे थेट किनाऱ्यापर्यंत पोंचली आणि पांच सेंटांचें तिकीट काढून गिरणींतला मजूरहि रविवारीं समुद्रावर येऊं लागला.

आपल्याकडील जत्रेंतल्या पाळण्यापेक्षां या पाळण्यांची गोष्ट एका बाबतींत निराळी आहे. जत्रा उठली कीं पाळणा उतरवितात, त्याचा प्रत्येक सांधा मोकळा होतो, प्रत्येक खुंटी हातांत येते आणि पुढच्या गांवीं तो पुन्हां जोडतांना कारागिराच्या नजरेंतून झिजलेला तुकडा सुटत नाहीं. कायमच्या उद्यानांतील पाळणा मात्र उन्हाळा-हिवाळा जागच्या जागीं उभा असतो. त्याचे सांधे आपण होऊन कधींच मोकळे होत नाहींत. त्यांच्यांत काय चाललें आहे हें पाहावयाचें तर कोणी तरी मुद्दाम वर चढून पाहावें लागतें. तेथें माणूस चढला नाहीं, तर खारा वारा चढतो.

पहिल्या पिढींतील उद्यानांचा मुख्य शत्रु मात्र वारा नव्हता, आग होती. त्या काळच्या या मायानगऱ्या बाहेरून संगमरवरी दिसत. आंतून त्या लांकडाच्या सांगाड्यावर तागाचे तंतु मिसळलेल्या प्लास्टरचा पातळ लेप दिलेल्या अशा असत. प्रदर्शनासाठीं एक-दोन वर्षें टिकावी अशा या बांधणीची उद्यानें वर्षानुवर्षें वापरलीं जात. १९०७ च्या जुलैंत स्टीपलचेस जळालें. त्याचा मालक जॉर्ज टिल्यू मोठा हिकमती; त्यानें जळक्या अवशेषांचें दर्शन घडविण्यासाठीं दहा सेंटांचें तिकीट लावलें आणि पुढें त्याच जागीं पोलाद व कांच यांचा प्रचंड मंडप उभारला.

ड्रीमलँडची कथा याहून बोधप्रद आहे. ता. २७ मे १९११ च्या पहाटेपूर्वीं, हंगामाच्या तोंडावर, ‘हेल गेट’ म्हणजे नरकद्वार नांवाच्या खेळाची डागडुजी चालू होती. या खेळांत होड्या पाण्याच्या वाटेनें फिरत आणि त्या वाटेला गळती लागली होती. ती बुजविण्यासाठीं कामगार तापलेलें डांबर वापरीत होते. एकाएकीं विजेचे दिवे गेले, अंधारांत डांबराची बादली कलंडली आणि त्या प्लास्टरच्या नरकाला खरीच आग लागली. कांहीं तासांत सारें ड्रीमलँड भस्मसात् झालें. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. परंतु तेथील प्राण्यांच्या खेळांतले अनेक मुके जीव होरपळून मेले. ड्रीमलँड पुन्हां कधींच उभें राहिलें नाहीं. दुरुस्ती करतांनाच उद्यान जळालें, यावरून दुरुस्ती ही संकटाची गोष्ट आहे असा अर्थ कोणी काढील. तो बरोबर नव्हे. हंगाम उद्यांवर आला असतां रात्रीं घाईघाईनें, विस्तव जवळ घेऊन, जळाऊ बांधणींत केलेली दुरुस्ती संकटाची असते. डागडुजीलाहि तिचा वेळ आणि तिची शिस्त लागते.

आगीच्या धाकानें लांकडाची जागा हळूहळू पोलादानें घेतली. पण समुद्रकांठीं पोलाद आणलें म्हणजे एक शत्रु जाऊन दुसरा येतो. लाटा फुटतांना मिठाचे सूक्ष्म कण हवेंत उडतात आणि वाऱ्याबरोबर येऊन प्रत्येक तुळईवर बसतात. मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. त्यामुळें पाऊस नसतांनाहि धातूवर पाण्याचा एक अदृश्य थर राहतो आणि गंजण्याची क्रिया रात्रंदिवस चालू राहते. उघड्या पृष्ठभागावरचा गंज डोळ्यांना दिसतो आणि खरवडतां येतो. घातक गंज असतो तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटींत आणि बोल्टाच्या डोक्याखालीं. गंजाला मूळच्या लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा लागते. फटींत सांचलेला गंज फुगतो आणि जाड पोलादी पट्ट्याहि एकमेकींपासून दूर लोटतो. म्हणून समुद्रकांठीं रंग देणें ही शोभेची बाब नाहीं. रंग हेंच तेथें लोखंडाचें छप्पर असतें.

हें कोनी आयलंडपुरतेंच खरें आहे असें नव्हे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या विहारस्थळीं १८९४ सालीं ५०० फुटांहून उंच असा पोलादी मनोरा उभारला गेला. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून सुचलेला हा मनोरा गांवाचा मोठा अभिमान होता. परंतु पहिल्या तीस वर्षांत त्याला पुरेसा रंग मिळाला नाहीं. परिणाम असा झाला कीं तो पाडून टाकावा कीं काय अशी चर्चा निघाली आणि शेवटीं १९२१ ते १९२४ या काळांत त्याच्या गंजलेल्या पोलादाचा मोठा भाग बदलावा लागला. रंगाच्या डब्यांवर जें वांचविलें तें पोलादाच्या तुळयांवर खर्च झालें. पुढें मात्र त्या मनोऱ्याला रंगाऱ्यांचें पथक कायमचें चिकटलें आणि तो आजहि उभा आहे.

आतां पुन्हां कोनी आयलंडकडे वळूं. तेथील सर्वांत विख्यात गाडी म्हणजे ‘सायक्लोन’. व्हर्नन कीनन यानें तिची आंखणी केली, हॅरी बेकर यानें ती बांधली आणि ता. २६ जून १९२७ रोजीं ती लोकांसाठीं खुली झाली. तिची सर्वांत उंच चढण ८५ फुटांची आणि मार्ग अर्ध्या मैलाचा. उतारावर ती ताशीं साठ मैलांच्या घरांत जाते. तिचा सांगाडा पोलादी, पण मार्ग लांकडी आहे. फळ्या एकावर एक ठोकून जाड थर करावयाचा आणि त्यावर चाकांसाठीं पोलादी पट्टी बसवावयाची, अशी ही बांधणी. गाडी जाते तेव्हां हें सारें लवतें, दबतें आणि पुन्हां वर येतें. तेवढी लवचीकता त्यांत असावीच लागते. पण प्रत्येक हेलकाव्यानें बोल्ट केसभर सैल होतो. एका दिवसांत अशा किती फेऱ्या होतात याचा विचार केला म्हणजे आज घट्ट असलेला बोल्ट आठवड्यानें घट्ट असेलच, असें कां म्हणतां येत नाहीं हें उमगतें.

म्हणून हंगामांत रोज सकाळीं, उद्यानाचे दरवाजे उघडण्यापूर्वीं, कामगार पाना आणि हातोडा घेऊन सबंध मार्ग पायीं चालून पाहतात. चढ चढावयाचा, उतार उतरावयाचा, फळी भेगाळली आहे काय, खिळा वर आला आहे काय, पट्टी उचलली आहे काय, हें पाहावयाचें. सरावलेल्या माणसाला हातोड्याच्या ठोक्याचा आवाजच सांगतो कीं आंत लांकूड निरोगी आहे कीं पोकळ. त्यानंतर गाडी रिकामी सोडतात आणि तिचा खडखडाट ऐकतात. गाडी साखळीनें वर ओढली जात असतां जो टक्-टक् असा आवाज येतो, त्यानें नवशिक्या प्रवाशाच्या छातींत धडकी भरते. वास्तविक तो अभयाचा आवाज आहे. साखळी तुटलीच तर गाडी मागें घसरूं नये म्हणून तिच्या पोटाखालीं एक खिटी असते. ती प्रत्येक पावलाला दातेरी पट्टींत अडकत जाते. तसेंच, टेंकाडावरून जातांना गाडी रुळावरून उचलली जाऊं नये म्हणून रुळाच्या खालच्या अंगाला धरणारीं जादा चाकें असतात. प्रवाशाला भय विकावयाचें आणि त्याच्या जिवाला मात्र जराहि धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, हा या धंद्याचा करार आहे. तो करार रोज सकाळीं त्या पायीं चालणाऱ्या माणसाच्या नजरेनें पाळला जातो.

मोठीं कामें हिवाळ्यांत होतात आणि येथेंच या धंद्याची खरी अडचण आहे. कोनी आयलंडचा हंगाम ईस्टरच्या सुमारास सुरू होतो आणि शरद ऋतूंत संपतो. त्यांतहि खरी गर्दी उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांची. वर्षाची सारी मिळकत तेवढ्या दिवसांत. फळ्या बदलणें, तुळया खरवडणें, रंगविणें, यंत्रें उकलून पुसणें हें सर्व गल्ला रिकामा असतांना करावें लागतें. गेल्या उन्हाळ्याचा पैसा पुढच्या उन्हाळ्यावर विश्वास ठेवून खर्च करावयाचा, असा हा व्यवहार आहे. पुढचा उन्हाळा येथें काढावयाचाच नाहीं, जमीन विकून मोकळें व्हावयाचें, असें मालकाच्या मनांत आलें कीं पहिली काटछाट रंगाच्या डब्यावर येते. गंज दिसूं लागतो तो त्यानंतर.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत असें पुष्कळ घडलें. १९४४ च्या ऑगस्टमध्यें लूना पार्कला आग लागली आणि तें उद्यान संपलें. मोटारी आल्या, दूरचे किनारे जवळ झाले, आसपासच्या वस्तीला उतरती कळा लागली. १९६४ च्या हंगामानंतर स्टीपलचेसनें दारें मिटलीं. जागा घरबांधणीच्या व्यवसायांतील फ्रेड ट्रम्प यांनीं विकत घेतली आणि १९६६ सालीं टिल्यूचा तो पोलाद व कांच यांचा मंडप पाडून टाकला. त्या जागीं योजलेल्या इमारती मात्र उठल्याच नाहींत. या पडझडींतून जीं मोठीं बांधकामें मागें राहिलीं, त्यांतील तिघांच्या नशिबांची तुलना करण्यासारखी आहे.

पहिली सायक्लोन. १९७० च्या सुमारास ती शहराच्या मालकीची झाली होती आणि शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठीं ती पाडावी असा विचार चालला होता. तिच्या चाहत्यांनीं ओरड केली. अखेर १९७५ सालीं शहरानें ती ‘ॲस्ट्रोलँड’ या शेजारच्या उद्यानाच्या चालकांना भाड्यानें दिली. त्यांनीं तिची झाडून दुरुस्ती केली आणि त्याच वर्षाच्या जुलैंत ती पुन्हां धांवूं लागली. १९८८ सालीं शहरानें तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. ॲस्ट्रोलँड स्वतः २००८ सालीं बंद झालें. सायक्लोन मात्र दुसऱ्या चालकांच्या हातीं जाऊन चालूच राहिली.

दुसरी ‘थंडरबोल्ट’. ही सायक्लोनपेक्षां दोनच वर्षांनीं वडील, १९२५ ची. जॉन मिलर या त्या काळच्या अग्रगण्य कारागिराची करणी. एका जुन्या हॉटेलाच्या इमारतीवरूनच तिचा मार्ग नेलेला होता आणि त्या घरांत माणसें राहत. १९८२ सालीं ती बंद पडली. त्यानंतर अठरा वर्षें ती जागच्या जागीं उभी होती. वेली चढल्या, लांकूड कुजलें, तुळया गंजल्या. २००० च्या नोव्हेंबरांत ती कोसळण्याचा धोका आहे असें सांगून शहराच्या अधिकाऱ्यांनीं मालकाच्या संमतीवांचून ती पाडली. पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें आणि पंचांनीं शहराच्या विरुद्ध कौल दिला. परंतु कौल मिळाला म्हणून कांहीं गाडी परत आली नाहीं.

तिसरा ‘पॅराशूट जंप’, म्हणजे हवाई छत्र्यांचा मनोरा. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठीं बांधलेला हा सुमारें २५० फुटी पोलादी मनोरा १९४१ सालीं स्टीपलचेसमध्यें आणून बसविला. तारांना बांधलेल्या छत्रींतून खालीं यावयाचें, असा खेळ. स्टीपलचेस बंद पडलें आणि मनोरा एकटा राहिला. १९७१ सालीं शहरानें तो लिलावांत काढला. एकहि बोली आली नाहीं. १९७७ सालीं त्याला संरक्षित वास्तु ठरविलें आणि कांहीं महिन्यांतच तो निर्णय वरिष्ठ मंडळानें फिरविला. १९८९ सालीं पुन्हां संरक्षण मिळालें. १९९३ सालीं त्याला बळकटी आणून रंग दिला आणि २००२-०३ मध्यें त्याचा बराचसा भाग उतरवून, निकामी झालेले तुकडे बदलून, तो पुन्हां जोडला. आज तो तांबड्या रंगांत दिमाखानें उभा आहे, रात्रीं त्यावर दिवे खेळतात. पण त्यावरून कोणी खालीं येत नाहीं. त्याचें शरीर वांचलें, काम वांचलें नाहीं. वापर थांबला कीं रोजची पाहणी थांबते. आणि रोजची पाहणी थांबल्यावर तीस वर्षांनीं जी दुरुस्ती करावी लागते तिनें मनोरा राखतां येतो, खेळ राखतां येत नाहीं.

या तिघांत वयाचा फरक जवळजवळ नाहीं. समुद्र तोच, वारा तोच, मीठ तेंच. उलट वयानें सर्वांत धाकटा तो मनोरा होता आणि त्यावरचा खेळ आधीं बंद पडला. फरक पडला तो एवढाच कीं एकीला वेळीं धनी भेटला, दुसरीला भेटला नाहीं आणि तिसऱ्याला फार उशिरां भेटला.

वेळीं भेटलेल्या धन्याचें आणखी एक उदाहरण त्याच किनाऱ्यावर आहे. ‘वंडर व्हील’ नांवाचा आकाशपाळणा १९२० सालचा, १५० फूट उंच. त्याच्या चोवीस खोल्यांपैकीं आठ स्थिर असतात आणि सोळा चक्राच्या आंतील वांकड्या रुळांवर मागें-पुढें घसरत जातात. १९७७ च्या जुलैंत एका रात्रीं सबंध न्यूयॉर्कची वीज गेली तेव्हां माणसें वर अडकलीं. चालकांनीं चक्र हातांनीं फिरवून सर्वांना सुखरूप उतरविलें. ज्या यंत्राचे सांधे वंगणानें मोकळे असतात, त्याचेंच दोनशें टनांचें चक्र असें हातानें हलूं शकतें. १९८३ सालीं हा पाळणा डीनोस व्होर्डेरिस यांनीं घेतला. ग्रीसमधून आलेला हा मनुष्य किनाऱ्यावर खाद्यपदार्थ विकून वर आला होता. १९४८ सालीं आपल्या भावी पत्नीला, एक दिवस हा पाळणा तुला लग्नाची भेट म्हणून देईन, असें त्यानें वचन दिलें होतें, अशी त्या कुटुंबाची कथा आहे. भेट उशिरां मिळाली. पण भेटीबरोबर आलेली चाकरी मुलांनीं आणि नातवंडांनीं सोडली नाहीं. दरवर्षीं खरवडणें आणि रंगविणें चालूच आहे. १९८९ सालीं हा पाळणाहि संरक्षित वास्तु ठरला.

ता. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्रीं ‘सँडी’ या वादळानें समुद्र या सर्व उद्यानांत शिरला. खारें पाणी मोटारींत, तारांत, तळघरांत गेलें. एका रात्रींत वीस वर्षांच्या वाऱ्याचें काम झालें. हिवाळाभर यंत्रें उकलून, धुऊन, वाळवून, बदलून २०१३ च्या मार्चमध्यें हंगाम ठरल्या वेळीं सुरू झाला. मोठी आपत्ति आली तेव्हां उपयोगी पडले ते वर्षानुवर्षें तीच यंत्रें उकलणारे हात. अशीं माणसें ऐन वेळीं बाजारांत मिळत नाहींत. याच दशकांत सायक्लोनच्या लांकडी मार्गाचे मोठे तुकडे हिवाळ्यामागून हिवाळे बदलले गेले. २०२४ च्या ऑगस्टमध्यें गाडी चढणीवर असतांनाच मध्यें थांबली. साखळी ओढणाऱ्या दातेरी चक्राला तडा गेल्याचें आढळलें. प्रवाशांना पायीं खालीं आणलें, कोणालाहि इजा झाली नाहीं; चक्र बदलून, तपासणी होऊन पुढच्या महिन्यांत गाडी पुन्हां सुरू झाली. त्या दिवशीं कित्येकांनीं ‘गाडी फार जुनी झाली’ असें म्हटलें असेल. जुनी ती होतीच. पण तडा गेल्यावर गाडी थांबते आणि माणसें आपल्या पायांनीं घरीं जातात, हाच निगा राखल्याचा पुरावा आहे.

येथें एक शंका साहजिक उत्पन्न होते. फळ्या बदलल्या, बोल्ट बदलले, साखळी बदलली, चाकें बदललीं. मग १९२७ सालची सायक्लोन उरली कोठें? परंतु हीच शंका कोंकणांतल्या शाकारलेल्या घराविषयीं किंवा दर पिढीला नवीं चाकें लागणाऱ्या देवाच्या रथाविषयीं कोणी काढीत नाहीं. रथ तोच असतो, कारण मार्ग तोच असतो, आकार तोच असतो आणि एका पिढीनें दुसरीच्या हातांत दिलेलें काम तेंच असतें. लांकूड जुनें राहिलें पाहिजे असा हट्ट धरला असता तर कुजलेली थंडरबोल्टच अधिक अस्सल ठरली असती. आणि ती तर आज मुळींच नाहीं.

तेव्हां ‘जुनें झालें म्हणून पडलें’ हें वाक्य पुढें ऐकूं आलें, मग तें घराविषयीं असो, पुलाविषयीं असो कीं जत्रेच्या पाळण्याविषयीं असो, त्यावर दुसरा प्रश्न विचारावयास हवा: शेवटचा रंग कोणत्या वर्षीं दिला होता आणि शेवटची तपासणी कोणी केली होती? अनेकदां अपघाताचें कारण अपघाताच्या दिवसांत सांपडत नाहीं. तें त्याच्या कित्येक वर्षें आधींच्या एखाद्या हिशेबाच्या पानांत सांपडतें, जेथें दुरुस्तीची रक्कम मांडावयाची ती जागा कोरी सोडलेली असते.